तारे जवसाच्या दाण्यासारखे का येतात?

या महिन्यात आभाळाची तीन पत्रं आली आणि तिन्ही दुर्बिणीविषयी कमी, दुर्बिणीखालच्या माउंटविषयी, म्हणजे तिला पेलून ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या बैठकीविषयी, जास्त. म्हणून एकत्रच घेतो.

प्रश्न : काका, मी लोणारजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर आहे, त्यासोबत मिळालेली १८-५५ची लेन्स आणि वेगळी घेतलेली ५० मिमीची. मृगातला तेजोमेघ टिपायची फार इच्छा आहे. दोन वर्षं पैसे साठवले आणि सहा इंची परावर्ती दुर्बीण घ्यायचं ठरवलं. दुकानदार म्हणतो, सोबत मोटार लावलेला ईक्यू-३ माउंट येतो, फोटोसाठी तेवढा पुरे. खरं आहे का? वारंवार खर्च जमणार नाही, एकदाच घेईन ते टिकलं पाहिजे.

उत्तर : गुरुजी, पैसे अजून दिले नसतील तर खिशातच राहू द्या. दिले असतील तर माझ्यावर रागावू नका, कारण हीच चूक मी स्वतःच्या पैशानं करून बसलो आहे.

माझा धंदा मोटार रिवाइंडिंगचा. दारव्ह्याकडच्या विहिरींवरच्या मोटारी जळाल्या की माझ्याकडे येतात. पंधराएक वर्षांपूर्वी एका रब्बीत ओलिताच्या मोटारी भरपूर जळाल्या. लोकांचं नुकसान, माझा हंगाम. त्या पैशातून मी अगदी हेच घेतलं, सहा इंची नळी आणि खाली ईक्यू-३. सोयाबीन निघून खळं मोकळं झालं होतं. मृगाच्या तलवारीवर नळी रोखली आणि दोन-दोन मिनिटांचे वीस फोटो काढले. घरी येऊन पाहतो तर तारे गोल नाहीत, जवसाच्या दाण्यासारखे लांबट. काही फोटोंत तर सरळ शेवया. विसांपैकी दोन कामाचे. आठ दिवस मी आरशाला दोष देत बसलो. मग एका रात्री नळीवर टिचकी मारली आणि आयपीसला डोळा लावून मोजलं. ताऱ्याची थरथर थांबायला सहा सेकंद लागले. शाफ्टला एवढा प्ले, म्हणजे ढिलाई, असलेली मोटार मी गिऱ्हाइकाच्या हाती देत नाही, आणि हे मी कौतुकानं विकत आणलं होतं.

आता हिशेब पाहा, तो तुम्हाला पोरांपुढेही मांडता येईल. पृथ्वी २३ तास ५६ मिनिटांत स्वतःभोवती एक फेरा पुरा करते. म्हणजे आभाळ दर सेकंदाला १५ विकला सरकतं. विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग. तुमच्यासारख्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल साधारण ३.७ मायक्रॉनचा असतो आणि ५० मिमीच्या लेन्समागे तो आभाळाचा १५ विकलांचा तुकडा पाहतो. कॅमेरा नुसता तिपाईवर ठेवला, तर मृगाचे तारे सेकंदाला एक पिक्सेल सरकणार. सहा-सात सेकंदांपर्यंत डोळ्याला ते खपून जातं. सहा इंची दुर्बिणीची फोकल लेंथ बहुधा ७५० मिमी असते. तिच्यामागे तोच पिक्सेल जेमतेम एक विकला पाहतो. लेन्स पंधरापट लांब झाली की माउंटची प्रत्येक चूक पंधरापट मोठी दिसते.

आणि चूक असतेच. माउंटच्या पोटात एक वर्म, म्हणजे आटे पाडलेला दांडा, असतो आणि त्याला भिडलेली गरारी, म्हणजे दातेरी चाक. ईक्यू-३च्या वरचा जो ईक्यू-५ माउंट, त्याच्या गरारीला १४४ दात असतात, म्हणजे वर्मचा एक फेरा सुमारे दहा मिनिटांचा. वर्म अगदी तंतोतंत कातलेला नसतो, त्यामुळे त्या दहा मिनिटांत माउंट थोडा पुढे पळतो, थोडा मागे रेंगाळतो आणि पुढच्या फेऱ्यात तेच नखरे पुन्हा करतो. समजा ही चूक मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना २० विकला आहे. स्वस्त माउंटमध्ये एवढी असणं नवल नाही. ती जेव्हा सगळ्यात वेगात असते तेव्हा ३० सेकंदांत ६ विकला सरकवते. ५० मिमीच्या लेन्सला हे अर्धा पिक्सेलसुद्धा नाही, कळणारही नाही. ७५० मिमीला सहा पिक्सेल. झालं जवस.

यावर वजन. ईक्यू-३ जातीच्या माउंटची कुवत साधारण पाच किलोची धरतात. पण हा आकडा डोळ्यानं पाहण्यापुरता. फोटोसाठी मी छापील आकड्याच्या निम्मंच धरतो. सहा इंची नळी, कडी, कॅमेरा मिळून ही कुवत केव्हाच ओलांडली जाते. शिवाय नळी लांब आणि आडवी. वारा तिला पंप हापसल्यासारखा हापसतो. दुकानदार खोटं बोलला असं मी म्हणत नाही. माउंट नळी उचलतो हे खरंच आहे. बैलही दहा क्विंटल ओढतो, पण सरळ रेषेत नांगरायला कोणी त्याला दहा क्विंटल लादत नाही.

एक अडचण आपल्याच भागाची. ध्रुवतारा जमिनीपासून जितक्या अंशांवर दिसतो, तितकाच गावाचा अक्षांश. तुमच्याकडे आणि माझ्याकडे तो वीस अंशांच्या आसपास. हात लांब करून एकावर एक दोन मुठी ठेवा, तेवढाच वर. त्यामुळे माउंटचा मुख्य अक्ष आपल्याकडे जवळजवळ आडवा झोपतो. सगळा भार उत्तरेकडे झुकतो, अक्षांश साधायच्या बोल्टवर ताण येतो आणि वजनाचा दांडा सरळ खाली लोंबला की वजन उत्तरेकडच्या पायाला घासू शकतं. युरोपातल्या माणसाच्या व्हिडिओत हे दिसणार नाही, त्याचा अक्ष चांगला उभा असतो. म्हणून घेण्याआधी विचारायचं की माउंट कमीत कमी किती अंशांपर्यंत खाली येतो, आणि दुकानातच वीस अंशांवर लावून, दांडा खाली करून दाखवा म्हणायचं. तिपाई आणि माउंटमध्ये एक हातभर उंचीचा नळीचा तुकडा बसवला की घासणं थांबतं. मी तर बोअरच्या केसिंगचा तुकडा खळ्याच्या कडेला सिमेंटात गाडला आणि आत रेती भरली. रेतीनं थरथर मरते. त्याच्या डोक्यावर लेथवाल्याकडून एक चकती वेल्ड करून घेतली. तिपाईपेक्षा स्वस्त पडलं. फक्त केसिंग उचलून पेंचला नेता येत नाही, आणि जावंसं तर वाटतं, कारण २०२४च्या जानेवारीत पेंचला आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला आहे.

मग तुम्ही काय करायचं? या हिवाळ्यात काहीच विकत घेऊ नका. सुताराकडे जा.

दोन फळ्या, एक पेटीची मजबूत बिजागरी, एक आटे पाडलेला सहा एमेमचा रॉड आणि त्याचे नट. स्कॉटलंडच्या हेग नावाच्या गृहस्थांनी १९७५ मध्ये ही युक्ती लोकांसमोर आणली, म्हणून तिला स्कॉच माउंटही म्हणतात. फळ्या पुस्तकासारख्या बिजागरीनं जोडायच्या. बिजागरीच्या अक्षापासून २२८.५ मिमीवर खालच्या फळीला भोक पाडून नट बसवायचा आणि त्यातून रॉड वर चढवायचा. सहा एमेमच्या साध्या रॉडच्या आट्यांमधलं अंतर एक मिलिमीटर असतं. रॉडचा मिनिटाला एक फेरा दिला की वरची फळी बरोबर आभाळाच्या वेगानं उघडते. सगळा जीव त्या २२८.५मध्ये आहे. सुताराला नुसतं 'नऊ इंच' सांगाल तर तो अदमासानं धरेल, स्टीलची पट्टी हातात द्या.

बिजागरी ध्रुवाकडे रोखायची. उत्तरेकडे तोंड करून उभे राहा, बिजागरी डाव्या हाताला, उघडणारी बाजू उजव्या हाताला, आणि फळी वर उचलली गेली पाहिजे. खालच्या फळीला वीस अंशांचं पाचर द्या. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून पाऊण अंशाहून थोडा कमी बाजूला आहे, पण सरळ ताऱ्याकडेच रोखलं तरी ५० मिमीला मिनिटाला एक पिक्सेलसुद्धा सरकत नाही. बिजागरीला चिकटवलेली एक पोकळ पेननळी एवढ्याला पुरते. वरच्या फळीवर कॅमेऱ्यासाठी बॉल हेड. मोटार नको. मोबाइलवर घड्याळ लावून दर पंधरा सेकंदांनी पाव फेरा द्यायचा, रॉडला लावलेल्या दांडीला स्पर्श हलका. पाच-सात मिनिटं झाली की रॉड मागे घ्यायचा, कारण रॉड सरळ आहे आणि फळी वर्तुळात फिरते, पुढे दोघांचं जमत नाही.

५० मिमीत अख्खं मृग नक्षत्र मावतं. लेन्स २.८ला, आयएसओ १६००, एक-एक मिनिटाचे साठ फोटो. नंतर लेन्सवर झाकण ठेवून तसेच पंधरा-वीस, कॅमेऱ्याचे स्वतःचे ठिपके वजा करायला. सगळे सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचायचे, दोन्ही फुकट मिळतात. तिकांड्याखालचा, म्हणजे पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांखालचा, तो धूसर ठिपका गुलाबी होऊन वर येतो तेव्हा माणूस खुर्चीतून उठतो. मी उठलो होतो. बायको म्हणाली, मोटार जळाली का?

एक हिवाळा असा गेला आणि तरी हौस उरली, तर मग घ्या. तुमच्या गरजेला स्टार अ‍ॅडव्हेंचर जातीचा छोटा ट्रॅकर योग्य. त्यांच्या २आय आणि जीटीआय या दोघांची कुवत पाच किलो. २आय एकाच अक्षावर फिरतो. जीटीआय दोन्हींवर, शिवाय लक्ष्य स्वतः शोधतो आणि पुढे गाइडिंग, म्हणजे दुसऱ्या छोट्या कॅमेऱ्यानं तारा पाहून माउंटची चूक सुधारत राहणं, जोडता येतं. पुन्हा निम्म्याचा नियम, म्हणजे अडीच किलो. कॅमेरा आणि १३५ मिमीची लेन्स त्यात आरामात बसते. १३५मध्ये तिकांडं आणि तलवार एका चौकटीत येतात, आणि तेजोमेघ पाहायला याहून देखणी चौकट मला तरी सापडलेली नाही. किमती लिहीत नाही. हा माल बाहेरून येतो, रुपयाचा दर हलला की भाव हलतो, अंक हातात पडेपर्यंत लिहिलेला आकडा शिळा होईल. शंभर रुपये असतील तर साठ-सत्तर खालच्या माउंटवर आणि उरलेले वरच्या काचेवर, एवढं धरून चला. टिकाऊ कोणता, याचं उत्तर ट्रॅक्टरसारखंच आहे. ज्याचा पार्ट मिळतो तो टिकाऊ. पुष्कळांनी घेतलेलं मॉडेल घ्या, म्हणजे बोर्ड उडाला तर बोर्ड मिळेल, मोटार गेली तर मोटार.

जागेचं सांगायचं राहिलं. आपल्या काळ्या मातीत तिपाई थेट रोवू नका. दवानं माती ओली होते, पाय सूतभर बसतो आणि ध्रुवाची जुळणी मोडते. प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा ठेवा. घराच्या स्लॅबवर तर नकोच. तो दिवसभराची ऊब रात्रभर सोडत राहतो आणि जिन्यावर कोणी चढलं तरी तारा हलतो. नोव्हेंबरात संध्याकाळी सप्तर्षी, माझ्या आजीचं खाटलं, क्षितिजाखाली असतं. ध्रुव शोधायला तेव्हा शर्मिष्ठेचा एम वापरा. पऱ्हाट्या जाळायचे दिवस सोडून द्या, धुरात वीस अंशांवरचा ध्रुव गडप होतो. आणि जागलीला जाणाऱ्यांना आधी सांगून ठेवा. रानडुकरं हाकलायला ते टॉर्च मारतात, आणि अंधारात तीन पायांवर उभं असलेलं काही दिसलं तर गोटाही मारतात. मला लागला नाही, तिपाईला लागला.

प्रश्न : सर, मी वरुडची, बीएस्सीला आहे. माझ्याकडे मामांनी दिलेली आठ इंची डॉबसोनियन आहे. तिच्याच बुडाला मोटारी लावून तेजोमेघांचे फोटो काढता येतील का? नवा माउंट परवडणार नाही.

उत्तर : मोटारी लावून तारा मध्यभागी राहील, पण चौकट फिरेल. डॉबसोनियन वर-खाली आणि डावी-उजवी हलते, आभाळ मात्र ध्रुवाभोवती तिरपं फिरतं. म्हणून मधला तारा जागेवर आणि कडेचे तारे त्याच्याभोवती कंस काढणार. फार छोटे फोटो घेऊन रचता येतात, पण कॅमेऱ्याचं वजन नळीच्या तोंडाशी येतं आणि तोल सांभाळताना जीव जातो. तो खर्च करू नकोस. त्याच दुर्बिणीनं चंद्र आणि ग्रह घे. मोबाइल आयपीसला धरणारा एक क्लॅम्प घे, गुरू किंवा शनी चौकटीच्या एका कडेला ठेव आणि तो सरकत दुसऱ्या कडेला जाईपर्यंत व्हिडिओ काढ. मग त्यातल्या चांगल्या चौकटी सॉफ्टवेअरनं निवडून रचायच्या, ऑटोस्टॅकर्ट फुकट आहे. आठ इंच म्हणजे ग्रहांना भरपूर आरसा. दुर्बीण तासभर आधी बाहेर काढून ठेवायची, आरसा हवेइतका थंड झाल्याशिवाय गुरूचे पट्टे उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखे दिसतात. संत्र्याच्या बागेत ओलित सुरू असेल तर तिथून लांब बस, दव लवकर पडतं.

प्रश्न : भाऊ, मी वाशीम जिल्ह्यातला शेतकरी. मले एक जुना एचईक्यू-५ भेटून राह्यला. मालक म्हणते चांगला हाय, नुसता पडून होता. पैसे तं लय सांगून राह्यला. आपल्याले त्यातलं काय पाहा लागते? फसाचं नाई.

उत्तर : भाऊ, माउंट जातीचा चांगला आहे. छापील कुवत तेराएक किलो, आपल्या हिशेबानं सहा-सात. छोटी दुर्बीण, कॅमेरा आणि गाइडिंगचा डोळा त्यावर निवांत बसेल. पण तिपाई, डोकं आणि वजनं मिळून पंचवीस किलोच्या घरात जातं, मोटारसायकलवर नेताना दोन खेपा. आणि 'पडून होता' हे मला आवडलं नाही. पडून असलेली मोटार चालत्या मोटारीपेक्षा वाईट, आतलं ग्रीस वाळून मेण होतं.

बैल घेताना दात पाहता, तसं याचं करा. दोन्ही अक्षांचे क्लच सैल करून हातानं फिरवा. एकसारखं, लोण्यासारखं फिरायला पाहिजे. मध्ये कुठं अडकलं तर बेअरिंग नाही तर कधीतरी आदळलेलं. मग क्लच घट्ट करून वजनाच्या दांड्याचं टोक हलकेच पुढं-मागं हलवा. टक्-टक् जाणवलं तर वर्म आणि गरारीत प्ले. थोडा प्ले बारीक स्क्रूनं काढता येतो, पण फार आवळू नका, मोटार घर्रघर्र करून अडते. अक्षांशाचे दोन्ही बोल्ट पूर्ण काढून पाहा. जुन्या माउंटमध्ये ते वाकलेले, आटे झिजलेले सापडतात आणि आपल्या वीस अंशांवर सगळा भार त्यांच्यावरच. मग वीज लावा. बारा व्होल्ट, पिनचा मधला भाग धन. उलट जोडली तर बोर्ड गेलाच समजा. तुमच्याकडे फवारणीचा बॅटरीपंप असेलच, त्याची बारा व्होल्टची बॅटरी काढून न्या. चांगली चार्ज असेल तर तीच पुढे शेतातही रात्रीचं बरंच काम भागवेल, लाइनीची वाट पाहायला नको. मोटार सगळ्यात जोरात फिरवून आवाज ऐका. एका सुरात पाहिजे.

खरी परीक्षा रात्रीची. मालकाला म्हणा, एक रात्र द्या. माउंट ध्रुवावर जुळवा आणि मग मुद्दाम पूर्वेला किंवा पश्चिमेला दोन-तीन अंश वळवून बिघडवा. दक्षिणेला डोक्यावर आलेला, मृगाच्या पट्ट्यासारखा एखादा तारा धरा आणि मोटार चालू ठेवून एकच वीस-बावीस मिनिटांचा फोटो काढा. आयएसओ कमीत कमी, लेन्स बरीच मिटून, नाहीतर चौकट पांढरी होईल. जुळणी बिघडवल्यामुळे तारा उत्तर-दक्षिण रेघ ओढेल आणि वर्मची चूक त्या रेघेला नागमोडी करेल. एचईक्यू-५च्या गरारीला १३५ दात, म्हणून साडेदहा मिनिटांनी एक वळण पुरं होतं. वळणं एकसारखी, गुळगुळीत असली तर हरकत नाही. पीएचडी-२ नावाच्या फुकट सॉफ्टवेअरनं गाइडिंग केलं की ती निघून जातात. पण रेघेत मध्येच करवतीसारखे दाते दिसले, तर गरारीत कचरा अडकलाय किंवा दात दुखावलाय. कचरा निघतो, दात निघत नाही.

मालक एक रात्र द्यायला कुरकुरला तर घेऊ नका. दिली आणि रेघ गुळगुळीत आली, तर घासाघीस करताना वाळलेल्या ग्रीसचं नाव काढा. ते बदलायला मला अर्धा दिवस लागतो. माउंट घेऊन दारव्ह्याला आलात तर शेजारी बसवून दाखवीन, पण ओलिताच्या हंगामात नको, तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नसते.